माळावरच्या वस्तीचं शून्य

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या मला तुमचाच राग आला. माझ्या हातून एक चूक झालीय आणि ती तुम्ही कधीच केली नसती, म्हणून.

तुम्ही टँकर चालवायचात. मी आता त्याच आटपाडी तालुक्यातल्या टँकरच्या खेपा कॉम्प्युटरवर ठरवते. सांगलीला एम.एस्सी. करत होते तेव्हा सुट्टीत तुम्हाला हे गणित शिकवायला बसले होते. आई भाकरी थापतेय, मी फरशीवर शेंगदाणे मांडलेत, इकडं विहिरी, तिकडं वाड्या, कुठून कुठं किती खेपा. डिझेल कमी लागलं पाहिजे, पाणी लवकर पोचलं पाहिजे आणि कुठल्याच वाडीची पाळी चुकता कामा नये. एक साधायला जावं तर दुसरं बिघडतं, म्हणून कशाला किती वजन द्यायचं ते आधी ठरवायचं, असं मी मोठ्या ऐटीत सांगतेय. तुम्ही दोन विहिरी उचलून तोंडात टाकल्या. "लय झ्याक. पर वजन ठरिवणार कोण? सांगलीत नळाचं पाणी पिणारी?" मी रुसून जेवलेच नाही त्या दिवशी.

यंदा वजनं मीच ठरवली, डिझेलला सगळ्यांत जास्त. माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीला किती पाणी लागेल ते तेवढं भरायचं राहिलं होतं. तिथल्या एकाला फोन लावला. "आमी समदी मेंढरं घिऊन कराडकडं आलोय," तो म्हणाला. मी त्या वस्तीपुढं शून्य घातलं. सगळ्यांत लांबची वस्ती गळल्यावर गणित कसं चटकन सुटलं! साहेब खूश, मीही खूश. पाचव्या दिवशी तिथल्या म्हातारीचा फोन. "आवं बाई, समदी म्हंजी चालणारी. आमी म्हातारी आन् शाळंची पोरं हितंच हाय की! रांजण कोरडा ठाक पडलाय." तुमच्या शेजारी टँकरच्या केबिनमध्ये बसून त्या वस्तीवर मी कितीदा गेलेय, आबा. कळप गेल्यावर मागं कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

तासाभरात टँकर धाडला. आता पाळीला सगळ्यांत जास्त वजन दिलंय. डिझेल वाढलं, साहेब कुरकुरतात, कुरकुरू देत. पण जिवाला चैन म्हणून नाही. उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन बसते.

म्हातारीनं फोनवर विचारलं होतं, "आमास्नी कुणी वगळलं वं?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरनं, आजी." "आसंल," ती म्हणाली, "त्येला काय ठावं." तिनं विश्वास ठेवला, तेच खुपतंय. उद्या वस्तीवर जाऊन तिला खरं सांगणार आहे, असं इथं लिहायचं होतं. पण मघाशी ऑफिसच्या ड्रायव्हरला फोन करून उद्याची जीप नको म्हणून मीच सांगितलं.