साठ कार्डं

जवाहरनगर,
दि. २६ ऑगस्ट १९७९

॥ श्री ॥

चि. रुखमा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच. पंधरा वर्षांची हाताची सवय. दुसऱ्या कागदावर नव्यानं लिहिणार होतो, पण तुझी वहिनी म्हणाली की राहू द्या, रुखमाले समजते. तेव्हा समजून घे.

ईश्वररावांना जाऊन दीड महिना होत आला. तू अजून त्या घरात एकटी आहेस, हे मनातून जात नाही. क्वार्टरची मागची खोली आम्ही रिकामी केली आहे. दुकानातली हत्यारं आणि मशीनचे सुटे भाग घ्यायला भंडाऱ्याचा एक मेकॅनिक तयार आहे. फॅक्टरीतले सोबती म्हणतात की शिलाई मशीन बाईनं चालवावी, खोलू नये. मी तसं म्हणत नाही. पण लहानपणी बाबांचं घड्याळ खोलून तू परत बसवलंस आणि एक स्क्रू उरला होता, ते मी विसरलेलो नाही.

दसऱ्यापर्यंत विचार करून कळव. जेवत जा. सुलोचनानं आठवण लिहायला सांगितली आहे.

तुझा
तुलाराम

*

साकोली,
दि. ३० ऑगस्ट १९७९

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. 'सौ.'चं मनावर घेऊ नका. मीही अजून चहा दोन कपांचाच टाकते.

घड्याळ त्यानंतर सात वर्षं चाललं, हे तुम्ही कोणाला सांगत नाही.

शेवटची दोन वर्षं खोकल्यामुळं यांच्यानं वाकून काम होत नव्हतं. हे खाटेवरून सांगत आणि मी करत असे. शटल बसवणं, टाका नीट करणं, सगळं येतं. फक्त गिऱ्हाइकांना ते माहीत नाही.

यांची एक रीत होती. दरवर्षी पोळा झाला की आम्ही साठ कार्डं लिहायचो. सानगडी, एकोडी, लाखनी, जिथं जिथं यांनी दुरुस्त केलेली मशीन आहे, त्या प्रत्येक घरी एक. दिवाळीची शिलाई अंगावर येण्याआधी मशीन साफ करून घ्या, अमुक बाजाराच्या दिवशी मी सायकलीनं येऊन मशीनचं डोकं, म्हणजे पाय सोडून वरचा भाग, घेऊन जातो, एवढाच मजकूर. यांचं अक्षर यांनाच लागत नसे. म्हणून हे सांगत आणि मी लिहीत असे. खालची सहीसुद्धा मीच करायची. भाऊ, यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, पण हातानं वर्षाला साठ वेळा लिहीत आले.

यंदाही लिहिली. मजकूर तोच, फक्त या वर्षी सायकलीनं येणं जमणार नाही, मशीनचं डोकं साकोलीस आणावं, असं घातलं. खाली नाव यांचंच घातलं. हे बरोबर नाही, ते मला कळतं. पण माझ्या नावावर कोण मशीन आणील? एकदा आणली आणि नीट झाली, की मग सांगेन. एका बसण्यात साठ लिहून काढली. हात थांबला नाही. आषाढात नातेवाइकांना कळवायची पत्रंही अशीच लिहीत सुटले होते, तुम्ही येऊन पेन काढून घेतलं तेव्हा थांबले.

दसऱ्यापर्यंत मुदत द्या. मशिनी आल्या तर मी इथं राहीन. नाही आल्या तर तुम्ही म्हणाल तसं.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची
रुखमा

*

साकोली,
दि. १७ सप्टेंबर १९७९

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

कार्डं टाकून अठरा दिवस झाले. एकही मशीन आली नाही. दरवर्षी आठव्या दिवसापासून ओसरीवर जागा राहत नसे.

पोस्टात विचारून आले. आमच्या गल्लीतल्या गोदावरीबाईंचा मुलगा टपाल वाटतो, तो म्हणाला की कार्डं त्याच दिवशी रवाना झाली. मग बाजारात सानगडीची एक बाई दिसली, ओळखीची. मी हसले. तिनं पदर डोळ्याला लावला आणि गर्दीत गेली. मला काही समजलं नाही.

दुपारी घर फार शांत असतं. आपलीच जुनी मशीन दोरा न ओवता चालवत बसते. तेवढाच आवाज होतो. परवा शेजारच्या वच्छलाबाईंनी विचारलं की काय शिवून राहिली. मी म्हटलं, काही नाही. ते खरंच होतं.

तुमचंच म्हणणं बरोबर ठरेलसं दिसतं.

तुमची
रुखमा

*

जवाहरनगर,
दि. २२ सप्टेंबर १९७९

॥ श्री ॥

चि. रुखमा हिस अनेक आशीर्वाद.

माझं म्हणणं बरोबर ठरावं असं मला वाटत नव्हतं. पण आता हट्ट पुरे. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी एसटीनं येतो. कपडे आणि भांडी बांधून ठेव, हत्यारांचं मी आल्यावर पाहू. ईश्वररावांची सायकल विकायची नाही, ती इथं आणू.

एक सांगायचं राहतं. तुझं पत्र आलं की तुझी वहिनी ते दारातच उघडून पाहते आणि तिथंच ठेवते, मी ड्यूटीवरून येईपर्यंत घरात घेत नाही. विचारलं तर कारण सांगत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. ती तुझी वाट पाहते आहे, खोलीला चुना तिनंच मारून घेतला.

तुझा
तुलाराम

*

साकोली,
दि. २९ सप्टेंबर १९७९

॥ श्री ॥

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

वर पाहा. या वेळी आठवणीनं लिहिला आहे.

काल सकाळी सानगडीच्या चंद्रभागाबाई आल्या. ब्लाउज शिवतात, यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. हातात मशीन नव्हती. आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि रडायलाच लागल्या. मग म्हणाल्या की बाई, एवढ्या उशिरा काहून कळवलं, आमाले तेराव्याले तरी येता आलं असतं. मी विचारलं की तुम्हाला कोणी सांगितलं. तर म्हणाल्या की तुह्या कार्डानं. वर श्री नव्हता, तं पोरीनं ते घरात आणलंच नाही. खाली त्यायचं नाव पाहिलं न अंगणातच फाडून टाकलं. मेल्याची बातमी घरात कोण ठेवते?

भाऊ, साठही कार्डांवर मी श्री लिहिला नव्हता. आषाढातल्या पत्रांची हाताला सवय लागली होती. कोणी मजकूर वाचलाच नाही. एकोडीच्या भैयाजी शिंप्यांनी तर म्हणे कार्ड फाडलं आणि विहिरीवर जाऊन अंघोळ केली. तुम्हाला पाठवलेल्या पत्रांवरही नसणार. वहिनी बिचाऱ्या कशाला सांगतील.

मी नाव यांचं घातलं आणि कार्डानं खरं ते सांगून टाकलं.

मी चंद्रभागाबाईंना म्हटलं की सही तर यांची होती, मग गेले कोण, असं नाही वाटलं? त्या म्हणाल्या की अक्षर तं तुहं आहे ना. अक्षर माझं आहे हे लोकांना ठाऊक असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. बारा वर्षं हे गावोगाव चहा पिताना सांगत फिरायचे म्हणे, कार्डावरचं अक्षर घरचं आहे, मशीनही आता अर्धी तिलेच समजते. घरी मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

काल चहा दोन कपांचा झाला आणि दोन्ही कप लागले.

निघताना त्या दारात थांबल्या. त्यांची मशीन टाका सोडते. पण दुःखाच्या घरी मशीन कशी आणायची, म्हणून सगळेच थांबलेत. कोण दुरुस्त करीन आता, असं विचारलं. मी म्हटलं, मी. त्यावर रागावूनच म्हणाल्या की मंग कार्डावर तसं लिव ना, कोणाच्या मागं लपून राहिली?

रविवारी येऊ नका. आलात तर सामान न्यायला येऊ नका. आज पोस्टातून साठ कार्डं आणली आहेत. एकसष्ट.

तुमची
रुखमा

*

(पोस्टकार्ड)

साकोली,
दि. ८ ऑक्टोबर १९७९

॥ श्री ॥

श्री. तुलाराम लांजेवार यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीची शिलाई सुरू होण्याआधी आपल्या घरची शिलाई मशीन साफ करून, तेल देऊन घ्यावी. सायकल शिकणे चालू आहे. तोपर्यंत मशीनचे डोके साकोलीस आणावे. सध्या ओसरीवर अकरा मशिनी आहेत, तरी आपले काम चार दिवसांत करून मिळेल. दुकानाचे मालक आषाढ महिन्यात वारले. काम त्यांनी शिकवले तसेच होईल. स्क्रू उरणार नाही.

हे कार्ड घरात ठेवण्यास हरकत नाही, असे वहिनींना सांगावे.

आपली,
रुखमा ईश्वर कापगते