तौहीदची एक जून

१ जून, रविवार
मस्कतच्या ऑफिसात केक (इथं सुट्टी शुक्रवारी, रविवार कामाचा). त्यावर आधी तौहीद, खाली उरल्या जागेत बारीक अक्षरात धनंजय, म्हणजे मी. तौहीद रत्नागिरीचा, मी चिपळूणचा. दोघांचा वाढदिवस एकच, कारण आमच्या वेळी शाळेत नाव घालताना हेडमास्तर दिसेल त्या पोराला एक जून ठोकून देत. केक कापून होताच सगळ्यांनी त्याला पुन्हा एअरपोर्टचा किस्सा सांगायला लावला. अमेरिकेच्या दहशतवादी संशयितांच्या यादीत त्याच्याच नावाचा, त्याच तारखेचा कोणी आहे. म्हणून हा जाईल तिथं अडकतो. मी वीस वर्षं मस्कत-मुंबई करतोय, मला कोणी साधी बॅग उघडायला सांगितलेली नाही.
संकल्प: मत्सर करायचा नाही. तसा माझा स्वभावच नाही.

६ जून, शुक्रवार, बकरी ईद
वादी अदाईला तौहीदकडे जेवण. नूरबानूभाभींचं मटण आणि सांदणं, तक्रारीला जागा नाही. मग किस्सा. खोलीत बसवलं, बूट काढायला लावले वगैरे. वसुंधरा हातातलं सांदण विसरून ऐकत होती. बायको माझी. मी बोलायला लागलो की हिला गॅसवरचा कुकर आठवतो.
डिसेंबरात त्याच्या लेकीचं, सिदराचं, अमेरिकेत कॉन्व्होकेशन. याचा व्हिसा दोनदा अडकलाय. त्यानं हे सांगितलं, बायकांनी डोळे पुसले. काहींचं नशीबच थोर.

१० जून, लंच टाइम
मोबाइलवर बातमी. त्या यादीतल्या चुका काढायला अमेरिकेत विधेयक आलंय. चुकून अडकलेल्यांचे अनुभव कमिटी मागवतेय. म्हणजे यादी सुधारली की तौहीद साधा माणूस. किस्सा खलास.
विधेयकाला माझा संपूर्ण पाठिंबा. निव्वळ तत्त्व म्हणून.

१३ जून, शुक्रवार
तौहीदला खोदून विचारलं, खरा जन्म कधीचा? त्यानं गावी आईला फोन लावला. ती म्हणाली, थंडी होती, मोहरम नुकता होऊन गेला होता. ग्रामपंचायतीत नोंद असणारच. त्याच्या भावाला दाखला काढून पाठवायला लावलं.
जोडफायदा: पुढच्या वर्षी केक माझा एकट्याचा.

२० जून, शुक्रवार
दाखला आला. त्याला जोडून कमिटीला पाठवायचं तौहीदचं निवेदन मीच लिहिलं. पुढचं वाक्य तर कोरून ठेवावं असं: ‘आमची निम्मी पिढी एक जूनला हेडमास्तरांनी जन्माला घातली आहे, तेव्हा तारीख जुळली म्हणजे माणूस जुळला असं नव्हे.’ विचार माझा, इंग्रजी माझं, प्रिंटर माझा. सही तेवढी त्याची. सुट्टी गेली, पाठ धरली.

२१ जुलै, सोमवार
निवेदन कमिटीसमोर वाचलं गेलं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तौहीदचा फोटो, खाली पन्नास अंगठे. वसुंधरा म्हणाली, तौहीदभाई किती छान लिहितात. हेडमास्तरांचं वाक्य माझं, असं मी सांगायला गेलो. तिला कुकर आठवला.
आज जेवलो नाही. पित्त.

७ ऑक्टोबर, मंगळवार
विधेयक तिकडे लटकलेलंच आहे. पण निवेदनामुळे कुणीतरी तौहीदची फाइल उघडली. चूक मान्य. व्हिसा आला. तो खुर्चीत बसून रडला. मी पाठ थोपटली. मनात म्हटलं, हो आता चारचौघांसारखा.

२६ डिसेंबर, शुक्रवार
तौहीद परत आला. सगळ्यांना जेवायला बोलावलं. नवा किस्सा: कुणीही कुठंही अडवलं नाही. न अडवल्याचासुद्धा किस्सा होतो, आणि लोक तो तोंडात बोट घालून ऐकतात. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.
मग त्यानं माझा हात धरून मला उभं केलं. म्हणाला, “माझे किस्से सगळ्यांनी ऐकले. पण हे थांबायला हवं, असं या एकट्याला वाटलं. माझ्या पोरीनं स्टेजवरून मला बघितलं, ते याच्यामुळे.”
टाळ्या. बराच वेळ तो धनंजयबद्दल बोलत राहिला. किती निर्मळ मनाचा, मित्रासाठी कसा झिजला, वर श्रेय म्हणून घेतलं नाही. वसुंधरा डोळे पुसत त्या धनंजयकडे बघत होती.
इतका हेवा मला आजवर कुणाचाच वाटला नव्हता.