डाव्या हाताचं फडकं

प्रिय बोराम,

सोबतचं भांडी घासायचं फडकं आधी पाण्यात भिजव, पीळ, मग पुढचं वाच. जाड सुती दोऱ्याचं आहे, क्रोशाने विणलेलं, आणि सुई माझ्या डाव्या हातात होती.

अंटार्क्टिकाच्या तळावर वर्षभर डॉक्टर म्हणून तुझी निवड झाली आणि ‘आईकडे कोण बघणार’ म्हणून तू सोमवारी नकार कळवणार आहेस, हे मला तुझ्या भावाकडून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस. मी विचारलं की त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून.

वसंतात अर्धांगाचा झटका आला तेव्हा माझा उजवा हात गेला, हे खरं. आता तो दोरा धरण्यापुरता उरला आहे. बाकीचं डाव्याने शिकले. गावच्या सभागृहात आम्ही बायका लसूण सोलायला बसतो तिथे माल्जाने माझ्यासमोर बसून उजव्या हाताने विणायचं आणि मी आरशात बघावं तसं तिचं उचलायचं. माल्जाला तू ओळखतेस, जिभेला लगाम नाही. मी हौसेने प्रत्येक ओळीत उठावाचे गोळे घातले. ओळ संपली की काम उलटतं, हे लक्षातच आलं नाही. निम्मे गोळे पुढे, निम्मे मागे. ती म्हणाली, “मास्तरीणबाई, या जनावराचं पोट कुठलं आणि पाठ कुठली? जन्मभर पोरांना गणितं घातलीत ना हो?” सगळ्या बायका हसल्या. मी उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा उसवलं. माल्जा म्हणाली, “अहो, राहू द्या, भांड्यांना काय कळतंय.” मी म्हटलं, मला कळतंय.

आता गोळे एका ओळीआड येतात, सगळे एकाच अंगाला. करपलेली खरड त्यांनी निघते, मागच्या सपाट बाजूने ताट पुसता येतं. विणून झाल्यावर सोडा घालून खदखदा उकळलं. टाके ढिले असते तर वेडंवाकडं झालं असतं. कडेला मोजपट्टी लावून बघ. भांडं चुलीवर चढवलं मी, उतरवलं मी, फडकं पिळलंही मीच, नळाला गुंडाळून. थंडीसाठी कोबीची किमची यंदा माल्जाकडे घालणार आहोत, औषधं वेळेवर घेते आणि सकाळी बंधाऱ्यापर्यंत चालून येते. तू तपासणी करणारी बाई आहेस, म्हणून पुरावा पाठवला. माझ्या शब्दावर तुझा विश्वास बसला नसता. ते बरोबरच आहे, मीच तुला तसं शिकवलंय.

तुझ्या वर्गातलं कुणी एवढ्या लांब गेलं नाही. मी तुझं तोंडावर कौतुक करत नाही, आताही करणार नाही. फक्त घडलं ते कळवते, कारण ते तुला दुसऱ्याकडून कळायला नको. गावप्रमुखांना सांगून मी काल वेशीवर मोठा कापडी फलक लावून घेतला, माझ्या नावानिशी. ‘अभिनंदन. चू ग्यंगनान यांची कन्या डॉ. पे बोराम अंटार्क्टिकाला रवाना.’ येणारीजाणारी प्रत्येक बस आता तो वाचते आहे. शिडीवर चढलेल्या गावप्रमुखांनी वरून विचारलं, “पण काय हो, पोरीने होकार दिलाय ना?”

मी म्हटलं, “देईल. तुम्ही दोरी घट्ट बांधा.”

तुझीच, कुणाची वाट न अडवणारी,
आई