माझ्यानंतर धाकट्याने कुठे राहावं

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कुलूप-किल्ली बनवणं व दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्याच दुकानात, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसं निकामी होत आली आहेत, डोकं शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात फारसं कोणी येतही नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी सगळं धाकट्याच्या नावे केलं होतं आणि घडल्या गोष्टीबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

माणसांची नावं या कागदात येणार नाहीत. एका मुलीचं नाव छापू नये असा कोर्टाचा हुकूम होता. तिचं नाव झाकून बाकीची लिहिली तर गल्लीतलं कुणीही ते ओळखेल. सगळी नावं, पत्ते, नाती वकिलांकडच्या बंद पाकिटात आहेत.

१. मला दोन मुलं. थोरली मुलगी, शाळेत शिक्षिका, तिला दोन मुली. धाकटा मुलगा, वय चौतीस. त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दहा वर्षांची शिक्षा झाली, साडेआठ वर्षांनी तो सुटला, त्याला आता दीड वर्ष होईल. त्याची आई तो आत असताना गेली. तिने शेवटपर्यंत त्याची चूक असं म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. ती त्याचे शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवत राहिली.

२. माझी मालमत्ता म्हणजे हे स्वकष्टार्जित घर: पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर एक. शिवाय बँकेतली ठेव, दुकानातली हत्यारं आणि पत्नीची शिलाई मशीन. मोठं ड्रिल मेहुण्याने बारा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेलं. ते त्यालाच राहू द्यावं. ते चालत नाही हे त्याला एव्हाना कळलं असेल.

३. शिलाई मशीन थोरलीला. तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही हे नीट नोंदवतो, कारण मी ती बोलून दाखवली आहे. धाकटा सुटून आला त्या आठवड्यात ती एकटीच आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तो माझा भाऊ आहे, तो नाही असं मी कुणालाच सांगत नाही. पण माझ्या मुली या घरात पाऊल टाकणार नाहीत." मी तिला नाही नाही ते बोललो. नाती परक्या झाल्या, असंही बोललो. ती ऐकून घेऊन गेली. त्यानंतर दर रविवारी ती मला चौकातल्या बागेत भेटवते त्यांना. धाकटी नात विचारते, आजोबा, तुमचं घर कुठे आहे? मी हात करून दाखवतो, तिकडे.

४. आता जे लिहितो त्याला वकिलांची हरकत आहे. मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, कबुली लिहू नये, असं ते म्हणाले आणि त्यांनी मसुदा दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे वाटण्यासारखं हेच सगळ्यात वजनदार आहे.

आमच्या समोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. बाईंची किल्ली वाकली म्हणून त्यांनी ती नवी करायला माझ्या दुकानात दिली. मी आजारी होतो, किल्ली धाकट्याने कापली. त्याने एक त्यांना दिली आणि एक स्वतःपाशी ठेवली. पंधरा दिवसांनी, बाई कापड आणायला गेल्या असताना, त्या किल्लीने तो त्यांच्या घरात शिरला. पंधरा दिवस ती किल्ली त्याच्या खिशात होती. एका क्षणासाठी तोल गेला असं मला कुणी सांगू नये. मी स्वतःला ते पुष्कळ दिवस सांगितलं आहे.

कोर्टात ती किल्ली माझ्या हातात दिली. ही तुमच्या दुकानातली का, असं विचारलं. माझ्या यंत्राची कड झिजलेली आहे, त्यामुळे प्रत्येक किल्लीच्या खांद्यावर एक बारीक तिरका ओरखडा उठतो. तो माझ्या अंगठ्याला लागला. मी म्हणालो, ही माझ्याकडची नाही. पुढे असंही म्हणालो की त्या दुपारी मुलगा पूर्ण वेळ माझ्यासोबत दुकानात होता. मी कोर्टात खोटं सांगितलं. शिक्षा डॉक्टरी अहवालावर झाली, पण निकाल लागेपर्यंतच्या चौदा महिन्यांत गल्लीने त्या मुलीला खोटारडी म्हटलं ते माझ्या शब्दावर. किल्लीवाला जुना माणूस, तो कशाला खोटं बोलेल, असं लोक म्हणत. बाईंची गिऱ्हाइकं तुटली. मुलीने शाळा सोडली. मी रोज सकाळी समोरच दुकान उघडत होतो.

५. धाकट्याविषयी. तो सुटल्यापासून इथेच, वरच्या खोलीत राहतो. त्या खोलीची खिडकी बाईंच्या घराकडे आहे. आल्या दिवशीच त्याने ती आतून खिळे ठोकून बंद केली. मी सांगितलं नव्हतं. त्याला एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं, कागदपत्रं तपासल्यावर गेलं. एका गोदामात खोकी बांधायचं मिळालं, तिथे कुणी तरी ओळखलं आणि दुपारच्या सुट्टीत सगळे जण जेवण उचलून दुसरीकडे जाऊन बसले. नवव्या दिवशी मालकाने त्याला हात जोडले.

तो आला त्याच महिन्यात गल्लीतल्या अकरा घरांनी कुलपं बदलली. माझ्याकडे कोण येणार? बाजारातला दुसरा कारागीर बोलावला. तो दारोदार फिरत होता आणि मी दुकानात बसून त्याच्या हातोडीचे आवाज ऐकत होतो. त्याची बारीक कानस घरी राहिली होती म्हणून तो माझ्याकडे मागायला आला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मी दिली. संध्याकाळी त्याने ती पुसून परत केली आणि म्हणाला, काका, तुमच्या गल्लीत चोऱ्या फार होतात का?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी धाकटा दोन दिवस घरी आला नाही. पोलीस चौकीत त्याची हजेरी असते, तिथून मला बोलावणं आलं. तो तुरुंगाच्या दारासमोरच्या बाकावर सापडला. आतल्या सुतारशाळेत काम देता का, तिथेच झोपेन, पगार नको, असं विचारायला तो गेला होता. पहारेकऱ्याने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, बाबा रे, इथे असं येता येत नाही. मी त्याला हाताला धरून आणला. चौतीस वर्षांच्या पुरुषाला हाताला धरून रस्ता ओलांडताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. फक्त एवढं लिहितो की त्या वेळी मला मनापासून वाटलं, हा माझ्याआधी जावा.

दर मंगळवारी तो दोन तास चालत समुपदेशक बाईंकडे जातो, आजवर एकही मंगळवार चुकलेला नाही. त्यांची संस्था त्याच्यासारख्या माणसांसाठी चालते.

मी त्याला एकदाच विचारलं. तो शिकंज्यात कुलूप धरून घासत होता. मी म्हणालो, "पुन्हा असं होईल का तुझ्याकडून?"

त्याने कानस खाली ठेवली. फडक्याला हात पुसले.

"नाही म्हणालो तर तुमचा विश्वास बसेल का, बाबा?"

"नाही."

"मग काय म्हणू? ते घडलं त्या महिन्याच्या आधी कुणी विचारलं असतं, तर तेव्हाही मी नाहीच म्हणालो असतो."

६. गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी ती मुलगी माझ्या दुकानात आली. आता ती सव्वीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दहा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी उठून उभा राहिलो, मला धाप लागली, तिने बसायला सांगितलं. ती स्वतः बसली नाही.

मी मृत्युपत्र करतोय हे तिला आईकडून कळलं होतं. ती म्हणाली की घर त्याच्या नावे होणार असेल तर तिला आजच कळायला हवं, म्हणजे ती आईला इथून हलवेल. आई हलायला तयार नाही, पन्नास वर्षांची तिची जागा आहे. मग तिने मला तिच्या येण्याची रीत सांगितली. आधी ती आईला फोन करते. तो घरात आहे का, गल्लीत कोण आहे, हे विचारते. मग बस थांब्यावरून निघते. कधी कधी थांब्यावरूनच परत जाते. हे सगळं ती अशा आवाजात सांगत होती जसं कुणी बसचं वेळापत्रक सांगावं.

मी विचारलं, "तुला काय हवं, बाळ?"

"मला आईकडे न विचारता यायचं आहे."

"मग तो कुठे जाईल?"

"ते मला विचारू नका, काका. तो मरावा असं मी म्हणत नाही. पण त्याचं पुढे काय, हे मी सांगायचं का?"

घराचा काही भाग तिच्या नावे करतो असं मी म्हणालो. तिने मान हलवून नको म्हटलं. मग म्हणाली, "तुम्ही ती किल्ली ओळखली होती. तुमचा अंगठा थांबला होता. मी बघत होते."

मी तिच्या पाया पडायला वाकलो, तर ती दोन पावलं मागे सरली. मला तेही करायचा हक्क उरलेला नाही हे तेव्हा समजलं.

७. म्हणून सदर घर माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत विकावं. विक्रीचा अर्धा भाग थोरलीचा. उरलेला अर्धा आणि बँकेतली ठेव वकिलांनी, या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून, आपल्याकडे ठेवावी आणि त्यातून धाकट्याच्या राहण्याचं भाडं परस्पर द्यावं. जागा देणाऱ्याला आधी सगळं खरं सांगावं. लपवून ठरवलेली भाड्याची जागा आम्ही तीन वेळा, तो राहायला जाण्याआधीच, गमावली आहे. समुपदेशक बाईंच्या संस्थेत आठ माणसांची राहायची सोय आहे, तिथे त्याचं नाव प्रतीक्षेत सतरावं आहे. पुढे सरकवता आलं तर हात जोडून विनंती आहे, सरकवावं. धाकट्याने या गल्लीत पुन्हा पाऊल टाकू नये. माझ्या वर्षश्राद्धाला नाही, आईच्या आठवणीला नाही, कधीच नाही. मी माझ्या मुलाला माझ्याच घरातून काढतो आहे, हे मला समजतं.

८. शिकंजा, कानशी, घासायचं यंत्र, हातोड्या धाकट्याला. किल्ल्या कापायचं यंत्र आणि कुलपं उघडायच्या आकड्यांचा संच त्याला देऊ नये. ते माझ्या डोळ्यांदेखत मोडून भंगारात घालायचं ठरवलं होतं, पण आता हातात जोर नाही. वकिलांनी मोडून घ्यावं.

वकिलांनी मला विचारलं, अशा माणसाला दुसरी संधी मिळावी असं तुम्हाला वाटतं ना? मी छप्पर देतो, हत्यारं देतो, किल्लीचं यंत्र देत नाही. माझा विश्वास इतकाच पोचतो. जन्मदात्याचा इतका पोचत असेल तर परक्याकडे मी किती मागू? तरीही मागतो. त्याला एकट्याने कुणाच्या घरात जावं लागेल असं काम देऊ नका. चार माणसांत, उजेडात, कुणाची तरी नजर राहील असं द्या. पण द्या. तो रिकामा बसला की मला जास्त भीती वाटते.

९. माझ्या अंत्यविधीला दोघं भावंडं एकत्र आली नाहीत तरी चालेल. कुणी कुणाला बोल लावू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करून पूर्ण केलं.

ठिकाण: माझं दुकान
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार एक: (सही) डॉक्टर. गल्लीतल्या पाच जणांनी सही करायला नकार दिल्यावर हे आले.

साक्षीदार दोन: (सही) समोरच्या बाईंची मुलगी. या मृत्युपत्राने तिला काहीही मिळत नाही. सही करण्यापूर्वी तिने कलम चार दोनदा वाचलं.

दुरुस्ती: कलम चारमध्ये 'मी कोर्टात चुकीचं सांगितलं' यातला 'चुकीचं' हा शब्द साक्षीदार दोन यांच्या सांगण्यावरून खोडून 'खोटं' असा केला आहे. दुरुस्तीशेजारी तिघांच्याही सह्या आहेत.