खडे घरंगळले होते, आबा

आबा, तुमच्यावर मी चिडलेय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी सातवी शिकलेली बाई, मला गोड लिहिता येत नाही. घाटातला तो दिवस आठवतो का बघा. रस्त्यावर पडलेली दरड तुमची गँग उपसत होती, तुम्ही मुकादम, मी नऊ वर्षांची, तुमचा डबा घेऊन आले होते. वरून बारीक खडे घरंगळत येत होते. टुक टुक टुक. मी म्हटलं, "आबा, खडे येतायत, बाजूला व्हा ना." तुम्ही टोपी मागे सारलीत आणि सगळ्या माणसांदेखत म्हणालात, "खडे बघून घाबरली! भित्रट कुठली! माझीच का गं तू?" सगळे हसले. दरड काही आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आली असती तर निदान तुम्ही खोटे ठरला असता आणि मी शहाणी झाले असते. दुसऱ्या दिवसापासून पाय दुखतो म्हणून डबा आईलाच न्यायला लावला. पाय दुखत नव्हता.

आता इकडचं ऐका. मी डेन्व्हरला मुलाकडे असते. नात पंचवीस वर्षांची, डोंगरात बर्फावर स्की करते. लिफ्टबिफ्ट नाही, स्वतः चढून जायचं आणि घसरत खाली यायचं. एप्रिल आला की पहाटे निघते. रात्री बर्फ गोठून दगड होतो, ऊन चढलं की वरचा थर भिजतो आणि अख्खा उतार सुटून खाली येतो. म्हणून दहाच्या आत खाली. छातीला एक यंत्र बांधते, गाडलं गेलं तर दुसऱ्याला सापडावं म्हणून. घडीचं फावडं, बर्फात खुपसून माणूस शोधायची लांबलचक काठी. मी म्हणायची, "डोंगरावर चाललीस की लग्नाला? केवढा तो साज!"

एका शनिवारी मी धिरडी घालत होते, नऊलाच पोरगी दारात, सोबत दोन मैत्रिणी. म्हटलं, "एवढ्यात?" म्हणाली, "आजी, रात्री क्लाउड्स होते, फ्रीज झालंच नाही. वरून बर्फाचे छोटे छोटे गोळे रोल व्हायला लागले, लाडूसारखे. सो वी टर्न्ड अराउंड." आणि माझ्या तोंडून काय निघालं? "लाडू बघून घाबरली! भित्रट कुठली! माझीच का गं तू?" शब्द न् शब्द तुमचा. मैत्रिणींना मराठी येत नाही, त्यांनी विचारलं आजी काय म्हणतेय. तिनंच सांगितलं, "शी सेज आय ॲम चिकन." सगळ्या हसल्या, तीही हसली. मी वर तिच्या ताटात आणखी एक धिरडं वाढलं.

पुढच्या शनिवारी परत तेच गोळे. मैत्रीण म्हणाली चल मागे. ही म्हणाली, दहा मिनिटं. उतार सुटला. गळ्यापर्यंत गाडली गेली, ओला बर्फ सिमेंटसारखा आवळून बसला. मैत्रिणीनं उपसून काढली. तसल्याच फावड्यानं, आबा, ज्याला मी हसत होते. पाय दोन जागी मोडलाय. हॉस्पिटलात मुलगा तिच्यावर ओरडला, "मागच्या वेळी कळलं होतं ना? मग या वेळी अक्कल कुठे गेली?" तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझी मिस्टेक, बाबा." बास. माझं नाव नाही.

आता मुलगा म्हणतो हिला डोंगरातलं काही कळत नाही, स्की विकून टाकतो, परत तिकडे पाऊल टाकायचं नाही. आज कामावरून आला की फोटो काढून विकायला टाकणार आहे. ती पलीकडच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडलीय, भांडतसुद्धा नाही. तिला कळत होतं, आबा! मला नवव्या वर्षी कळलं होतं तसंच कळत होतं. कळलेलं आपण पुसलं. तिचं मी, माझं तुम्ही. तुम्ही खाटेवर सुखानं गेलात, तुम्हाला कधी कुणाला उपसून काढायला लागलं नाही. म्हणून इतका राग येतो.

मुलाला एवढंच सांगायचंय की तिला अक्कल होती, भित्रट मी म्हटलं. एक वाक्य. ते सोडून मी इथे किचनमध्ये दोन पानं तुम्हाला खरडत बसलेय, कारण तुम्ही उलटून विचारणार नाही. हे कुठे टाकायचं नाहीये, पिठाच्या डब्याखाली जाईल. गॅरेजचं दार वाजलं, तो आला. उठायला पाहिजे. गुडघा दुखतोय म्हणून बसून राहिले, असं लिहिणार होते. गुडघा दुखत नाहीये.