म्हशीची पेंड

आई,

त्या सोमवारी सकाळी तू आत भाकरी थापत होतीस, आणि मी म्हशीसाठी भिजवलेली सरकी पेंड घमेल्यासकट उचलून खोंडापुढं ठेवली. म्हशीपुढं नुसतं उसाचं वाडं टाकलं. ती घमेल्याकडं मान वळवून बघत राहिली, पान्हा सोडेना, म्हणून रेडकू सोडून कशीबशी धार काढली. पंधरा-वीस दिवस हेच चाललं होतं. हुपरीच्या बाजूला बैलगाड्यांची शर्यत होती, खोंडाचं अंग भरायला हवं होतं, आणि मी वीस वर्षांचा होतो. गोठा माझ्याकडं सोपवून तू निर्धास्त होतीस.

डेअरीत किटली घेऊन मीच तुझ्याबरोबर आलो होतो. टेस्टरनं दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि मान हलवली. "काकू, डिगरी बसंना. पाणी वाढवलंय की वो."

"म्हशीनं दिलंय तेवढंच आणलंय, बाबा."

"मग म्हशीला नळ जोडलाय व्हय?"

रांग हसली. तुझं तोंड उतरलं. तू माझ्याकडं वळलीस. "सांग की रं ह्यांस्नी. धार तूच काढलीस न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो. तेवढंच. ते खोटं नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं त्याच्या आड लपता आलं. नुसत्या वाड्यावर ठेवलेल्या म्हशीचं दूध असंच हलकं पडतं, हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं. पण पेंड कुठं जाते ते तर माहीत होतं. "पेंड मी खोंडाला घालतोय" एवढं म्हणायचं होतं. खोंड शर्यतीला जाणार नाही, या भीतीनं तोंड उघडलं नाही.

दर सोमवारी तू पितळी गडूतून महादेवाला दूध नेत होतीस. त्या दिवशी घरी आल्यावर गडूतलं दूध पातेल्यात ओतलंस, गडू घासलास आणि पाण्यानं भरलास. मी विचारलं तर म्हणालीस, "चारचौघांनी नावं ठेवल्यालं दूध देवाला कसं घालू?"

पुढच्या आठवड्यात शर्यत झाली. खोंड दुसरा आला. तू त्याला ओवाळलंस, पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "अंग कसं धरलंय बघ माझ्या सोन्यानं." ते अंग कशावर धरलं होतं, हे तुझ्या शेजारी उभं राहून मला ठाऊक होतं. मग पेंड पुन्हा म्हशीपुढं जायला लागली, हळूहळू डिगरीही बसायला लागली. लोकांना वाटलं, तू सुधारलीस. तू मात्र शेवटच्या सोमवारपर्यंत महादेवाला पाणीच घालत राहिलीस. मीही रोज देवळात जातो, हात जोडतो. पिंडीवर दूध घालायला इतकी वर्षं हात उचलला नाही.

आता त्या टेस्टरच्या खुर्चीवर मी बसतो. लॅक्टोमीटर जाऊन मशीन आलंय. गेल्या आठवड्यात वरच्या आळीतल्या एका सुनेचं दूध हलकं आलं. मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, आणि आई, तेच नळाचं वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "वैरण काय घालतीस?"

"वाडंच की काका. पेंड संपलीया."

मी उभा राहिलो. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हिनं पाणी घातलेलं नाही, आणि याच ठिकाणी माझ्या आईनंही घातलं नव्हतं. पेंड मी चोरून खोंडाला घालत होतो आणि आईला बोलणी खाताना बघत गप्प उभा होतो. रांगेत तेव्हा तुला हसलेल्यांपैकी दोघं होते. एक म्हणाला, "आता सांगतोस व्हय? म्हातारी गेली की." खाली बसलो आणि पुढची किटली घेतली.

हे पत्र कुठं पाठवू? घडी करून तुझ्या गडूच्या फळीवर ठेवतोय. काल सोमवारी तोच गडू घासला, घरच्या म्हशीच्या दुधानं भरला आणि महादेवाला घालून आलो. एक सांगायचं राहिलं. देवळात जाण्याआधी, डेअरीत कुणी बघत नाही असं बघून, मी त्यातलं थोडं दूध मशीनवर लावून पाहिलं.