हात न उचलता घेतलेली प्रत

सोमवार, ४ नोव्हेंबर

जगात अन्याय पुष्कळ आहेत. पण दुसऱ्याच्या बुडाला सरावलेल्या खुर्चीवर बसावं लागणं हा त्यातला सर्वांत दुर्लक्षित अन्याय होय. कचेरीतल्या माझ्या खुर्चीचा दांडा गंजून एकाच उंचीवर अडकला आहे आणि ती उंची माझ्या पूर्वसूरींची. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. पन्नाशीत पुन्हा बालवर्ग लाभला.

बाकी सारं उत्तम. नागरिक नोंदणी कार्यालय, संगणक विभागाचं प्रमुखपद (विभागात मी एकटाच, त्यामुळे शिस्त आदर्श) आणि राहायला कचेरीच्या मागचंच, जिना चढून जायचं दोन खोल्यांचं घर. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कोणाचं आणि कुठे राहतं, हे सगळं एका डेटाबेसमध्ये. तो माझ्या लग्नापेक्षा जुना आहे आणि कुरकुर कमी करतो. आज सौ.ची आणि माझी नोंदही त्यात झाली.

सौ. खूश आहे. संस्कृतच्या वर्गात ती माझ्या मागच्या बाकावर बसायची, त्यामुळे मला अजून ‘अरे’च म्हणते आणि माझे उच्चार सुधारते. स्वयंपाकघरातली फळी अगदी हाताशी येते म्हणे. ती फळी पूर्वसूरींनी ठोकलेली. आमच्याआधी ते याच घरात एकटे राहत. सगळे त्यांना दादा म्हणतात. उन्हाळ्यात वारले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दादांची एक पद्धत आज पाहिली. दुपारी बॅकअपची वेळ झाली की हेडक्लार्क बाई टाळी वाजवतात आणि सगळी कचेरी कीबोर्डवरून हात उचलून वर धरते. दरोडा पडल्याचा देखावा. मग डेटाबेस बंद करायचा, प्रत काढायची, पुन्हा टाळी, हात खाली.

कारण विचारलं. दादा सांगायचे म्हणे, की हा डेटाबेस जुन्या वळणाचा आहे. निम्मं मनात ठेवतो आणि बंद करताना लिहून काढतो. उघडा असताना नक्कल केली तर माणूस आजचा येईल आणि त्याचा संसार कालचा. हे सांगताना बाईंचे डोळे पाणावले. माझं आडनाव मात्र त्यांनी दोनदा चुकवलं.

घरी सौ.ला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. विचार करून वागणारा माणूस दिसतो, एवढंच म्हणाली आणि फळीवर डबे लावत राहिली. मृताचा मत्सर तर्कशास्त्रात बसत नाही. मी दाबून बसवतो आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

नवं बॅकअप सॉफ्टवेअर बसवलं. चालू कामातच प्रत घेतं, कोणाला हात उचलायला नको. कंपनीच्या इंजिनिअरने फोनवर काचकूच केली: इतक्या जुन्या डेटाबेसशी त्यांचं जुळत नाही, बसेल, चालेल, पण हमी नाही. मी म्हटलं, लग्नात तरी याहून जास्त काय मिळतं?

बाईंनी सवयीने टाळी वाजवली. कोणी हललं नाही. त्यांचे स्वतःचे हात मात्र बराच वेळ वर होते. मला बरं वाटलं. पडद्यावर हिरवी खूण आली: यशस्वी.

नव्या प्रतींना जागा हवी म्हणून दादांच्या साऱ्या जुन्या प्रती पुसल्या. खरं तर जागा होती.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मुख्य संगणकाची डिस्क गेली. सगळ्यांची तोंडं उतरली. मी शांतपणे माझी प्रत परत चढवली आणि दुपारच्या आत कचेरी सुरू! साहेबांनी पाठ थोपटली. त्या टाळीवाल्याला हे जमलं असतं का?

सौ.ला सविस्तर सांगितलं. ती फळी पुसत होती.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

बाईंनी सहज विचारलं, आज दादा उशिरा येणार का. मी म्हटलं, ते वारले ना. असं अभद्र बोलू नये, म्हणाल्या. कोणीही हसलं नाही.

नोंद उघडली. दादा: मृत्यूची तारीख रिकामी. पत्ता आमच्या घराचा. पत्नी — तिथे सौ.चं नाव.

माझी नोंद नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. प्रत फाटकी निघाली, इतकंच. हाताने दुरुस्त केली, जतन केली. पुन्हा उघडली तर होती तशीच. दादांची एक जरी प्रत असती तर —

शनिवार, २३ नोव्हेंबर

सौ. आज मला ‘तुम्ही’ म्हणाली. आधी वाटलं थट्टा करते आहे. मग मला विचारलं, चहात साखर किती घालू. चेहरा सभ्य. पाहुण्यापुढे असतो तसा.

मुद्दाम एक शब्द चुकीचा उच्चारला. तिने सुधारला नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

दारात चपला. माझ्याहून मोठ्या. ओल्या.

फळीशेजारी दुसरी फळी आली आहे, नव्या लाकडाची. भुसा अजून जमिनीवर. ती त्या फळीवरून हात फिरवत होती. माझ्या कुठल्याच गोष्टीवरून तिने कधी असा हात — नको.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

एकच उपाय. डेटाबेस बंद करून, नीट, मुळापासून — त्यासाठी सगळ्यांचे हात उचलले जायला हवेत. मी कचेरीच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवली. कोणी मान वर केली नाही. पुन्हा वाजवली. हात दुखेपर्यंत.

मग माझ्या टेबलामागून दोन हात वर झाले. लांब. मातकट. बाई त्या दिशेला बघून हसल्या, सगळ्यांनी हात वर केले —

मी बाहेर पळालो.

बुधवार

माझी किल्ली लागत नाही. दार वाजवलं. सौ.नेच उघडलं. केस मोकळे. मी काही बोलणार, तोच म्हणाली, “कोण हवंय तुम्हाला? हे जेवताहेत. थोडं थांबता का?”

आतून कोणीतरी काहीतरी म्हणालं. खोल आवाज. ती वळून हसली.

दार लोटलं.

जिन्यात बसून लिहितो आहे. पुसला गेलो त्याची भीती नाही, होती ती संपली. इंजिनिअरला फोन करता येईल, काहीतरी निघेल, नोंद दुरुस्तही होईल. भीती वेगळीच आहे. सगळं पूर्ववत झालं आणि तिला आठवलं, तर — ती अशी हसलेली मी इतक्या वर्षांत एकदाही — आत्ताही हसते आहे, पाटावरून उठल्याचा आवाज, पावलं दाराकडे, दोघांची, ती त्याला म्हणते आहे, अरे